आधी म्यान, मग पिस्तूल
(ग्वाल्हेरला लष्कर भागात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आत्मसंरक्षणासाठी लहान हत्यार कसं निवडावं’. म्हणजे मी आता नावं घेईन, वजनं सांगेन, किंमती सांगेन, अशी तुमची अपेक्षा असणार. ते सगळं येईल. पण आपल्या भागात हत्यार घ्यायचा जो क्रम रूढ आहे तो मुळातच उलटा आहे, आणि आधी त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

लायसन्स आलं की माणूस थेट दुकानात जातो आणि खिशाला परवडेल त्यातलं सगळ्यांत देखणं रिव्हॉल्व्हर उचलतो. दुकानदार वर एक मऊ कातड्याचं कव्हर देतो. कमरेचा पट्टा लग्नात मिळालेला असतो तोच. चार दिवस कमरेला ओढ लागते, पँट एका बाजूला घसरते, आणि पाचव्या दिवसापासून ते लाखभराचं हत्यार कपाटात जातं, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डात. डॅशबोर्डातलं हत्यार तुमचं संरक्षण करत नाही, ते चोराची वाट बघतं.

म्हणून माझा क्रम असा: पट्टा, म्यान, कपडे आणि मग हत्यार. म्यान म्हणजे होल्स्टर, मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

पट्टा अडतीस ते चाळीस मिलिमीटर रुंद हवा, दोन पदरी शिवलेला. हातात आडवा धरला तर खाली लोंबता कामा नये. भरलेलं रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आसपास जातं, ते वजन मऊ पट्टा पेलत नाही. तो पिळवटतो, हत्याराची मूठ अंगापासून बाहेर कलते, आणि शर्टाखाली उंचवटा दिसतो. होल्स्टरची पट्टी पट्ट्याच्या नेमक्या रुंदीची हवी. सैल असली तर उपसताना हत्याराबरोबर होल्स्टरही वर येतं.

होल्स्टर बघताना तीन गोष्टी तपासा. पहिली, चापाचं, म्हणजे ट्रिगरचं, कडं पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. बाहेरून बोट, किल्ली किंवा शर्टाची दोरी चापापर्यंत पोचायला नको. दुसरी, हत्यार काढल्यावर तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ कातड्याचं तोंड मिटतं, मग माणूस डाव्या हाताने ते उघडायला जातो आणि परत ठेवताना नळी स्वतःच्याच बोटांवर धरतो. जुनं कातडं आत दुमडून चापात अडकतं, आणि वरून दाबलं की गोळी सुटते. मांडीतल्या कितीतरी जखमा उपसताना होत नाहीत, परत खोचताना होतात. तिसरी तपासणी घरी करा. रिकामं हत्यार, दोनदा बघून घेतलेलं रिकामं, होल्स्टरमध्ये घालून पलंगावर उलटं धरा आणि हलवा. पडलं तर ते होल्स्टर टाकून द्या.

कमरेवर जागा उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे, पँटच्या शिवणीच्या किंचित मागे. लोकांना वाटतं की नळी लांब असली की हत्यार दिसतं. तसं नाही. नळी पँटमध्ये खाली जाते, कपड्यातून दिसते ती मूठ. लपवायचं असेल तर मुठीची लांबी आणि हत्याराची जाडी बघा. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात ते फिरतं नळकांडं, फुगीर असतो, पिस्तूल चपटं, इथे पिस्तुलाची बाजू वरचढ आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे कोट-जाकीट विसरा. बुशशर्ट बाहेर सोडलेला, एक माप मोठा, गडद किंवा चौकड्यांचा. स्कूटरवर वाऱ्याने शर्ट मागून उडतो, म्हणून खाली आत बनियन खोचलेली हवी आणि शर्टाची लांबी बेताची हवी. टेम्पोत दाटीवाटीने बसलात तर हत्याराची बाजू खिडकीकडे, शेजाऱ्याकडे नाही. कुर्त्याच्या खिशात हत्यार कधीच नको. किल्ल्या, नाणी, मोबाइल सगळं तिथेच असतं, आणि खिशाला तोंड असतं पण पकड नसते. बायकांनी पर्समध्ये ठेवायचं असेल तर स्वतंत्र कप्पा, त्यात होल्स्टर शिवलेलं, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही, रुमालसुद्धा नाही. शिवाय ती पर्स खुर्चीला अडकवून उठायचं नाही.

एक अवघड जागेची गोष्टही सांगून टाकतो, हसा पण ऐका. संडासात जाताना हत्यार बाहेर काढून टाकीवर ठेवलेलं तिथेच विसरतं. होल्स्टरसकट काढता येईल असं घ्या, आणि काढलं तर पायाशी पँटमध्येच ठेवा, म्हणजे उठताना हाती लागणारच.

आता कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत. परदेशात लपवून नेण्यासाठी काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे झाकणं हीच अट आहे, आणि हत्यार नाचवलं तर लायसन्स रद्द होऊ शकतं. म्हणजे म्यान ही हौस नाही, ती कायद्याची पहिली पायरी आहे. आणि ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात चाललंय काय? वरातीत रिव्हॉल्व्हर वर, मोबाइल समोर. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. आकाशात मारलेली गोळी तिथे राहत नाही, खाली येते, आणि मांडवात मुलं असतात. हे मी प्रत्येक व्याख्यानात बोलतो आणि बोलत राहणार.

लायसन्सचंच निघालं तर आपल्या भागातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवतील. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत प्रशासनाने जाहीर केलं की जो पुरुष नसबंदी करून घेईल त्याच्या बंदुकीच्या अर्जाचा लवकर विचार होईल. मिशांवर ताव देणाऱ्या भागात ही अट, आणि तरी माणसं आली! बंदुकीची ओढ इतकी. मग २०१९ मध्ये आपल्या ग्वाल्हेरात अर्जदाराने दहा रोपं लावायची आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून जोडायचा, अशी अट आली. त्याच वर्षी थंडीत गोशाळेला दहा कांबळी द्यायची सूचना निघाली. रोपं लागली तर चांगलंच आहे, गाईंना ऊब मिळाली तर त्याहून चांगलं. पण बघा, रोपाचा फोटो फायलीला जोडला गेला, कांबळ्यांची पावती जोडली गेली, आणि ज्याच्या हातात हत्यार जाणार त्याला सुरक्षित भरता-उतरवता येतं का, हा प्रश्न मागेच राहिला. नियमांत त्याची सोय आहे, हत्यार आणि दारूगोळ्याच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आहे, फॉर्म एस-१. तो दाखला लोक कागद म्हणून मिळवतात. माझी तळमळ आहे ती इथे. दहा रोपांऐवजी दहा तास नेमबाजीच्या मैदानावर घालवायला लावा. वर्षभर रोप जगवणारा माणूस धीराचा असेल, मान्य, पण चापावरचं बोट सरळ ठेवायला वेगळं शिकावं लागतं.

आणि ग्वाल्हेरकरांना तर हत्यार कोणाच्या हातात जातं हे जपायला एक कारण जास्त आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर जे बेरेटा चाललं, ते याच शहरातून गेलं होतं. म्हणून हत्यार ‘दोन दिवस वापरायला’ कोणाला द्यायचं नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. विकायचं तर रीतसर, कागदावर.

बरं, खंडेनवमी. आपण मराठी माणसं शस्त्रपूजन सोडणार नाही, सोडूही नये. पण हळद-कुंकू ओल्या बोटाने नळीवर लावतात, दोन दिवस तसंच राहतं आणि बोटाच्या ठशाचा गंज उमटतो. अक्षता घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर ठोका देणाऱ्या भागाच्या, फटीत जातात, तांदळाचा एक दाणा घोडा अडवायला पुरतो. हत्यार रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, खाली कोरडा कपडा, फूल वाहा, कुंकू म्यानाला लावा. संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसून परत कुलुपात.

कातड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार रात्रभर ठेवू नका हेही यातच सांगतो. कातडं घाम धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. पावसाळ्यात चार दिवसांत डाग पडतात, काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर येतो. तेल मात्र थेंबभरच. जास्त तेल लू चालते तेव्हा धूळ ओढतं आणि काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात झिरपून दारू निकामी करतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरोबर आहे, छापलेला विषय अजून राहिलाय. भरभर घेतो.

आपल्याकडे ९ मिलिमीटर सामान्य माणसाला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. मालनपूरला, इथून हाकेच्या अंतरावर, पिस्तुलांचा कारखाना असला तरी तो माल फौजा आणि पोलिसांसाठी. आपल्यासाठी मुख्यतः .३२ इंची, आणि .२२. .३२ मध्ये दोन वेगळी काडतुसं आहेत: रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, १८९६ चं, आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, १८९९ चं. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, शिरतं, पण त्याचा दाब जास्त, मधून उघडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यासाठी ते नाही. दुकानात डबी उघडून काडतूस बघा, नुसतं ‘बत्तीस’ म्हणून घेऊ नका. आपल्या पुण्याजवळच्या खडकीची काडतुसं बुडावरच्या ‘केएफ’ या अक्षरांनी ओळखू येतात. दोन्हींची ताकद साधारण एकशेपंच्याहत्तर जूल, ९ मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. म्हणजे गोळी कुठे लागते यावर सगळं अवलंबून, म्हणजेच सरावावर. .२२ चं ‘निडर’ रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमचं, न्यायला फारच सोपं, पण ताकद आणखी कमी आणि ठिणगीची दारू काडतुसाच्या कडेत असल्याने मिसफायरचं, म्हणजे गोळी न सुटण्याचं, प्रमाण जास्त.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? ज्याला महिन्यातून एकदाही सराव जमणार नाही त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. जिवावर बेतलेलं असताना मिसफायर झाला तर चाप पुन्हा ओढा, पुढचं घर येतं. कानपूरचं मधून उघडणारं सहा गोळ्यांचं जुनं मॉडेल टिकाऊ आहे, पण चाप जड. २०१४ चं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, तेव्हा किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. हलकं असल्याने झटका जास्त. २०२३ चं ‘प्रबल’ बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटर, काडतुसं बदलायला सोयीचं. पिस्तुलात कोलकात्याच्या काशीपूरचं ‘अशनी’ चपटं आणि लपायला उत्तम. मात्र अशा पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते, कारण स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, रोखणारं दुसरं काही नसतं. बोटांत जोर नसेल, संधिवात असेल, तर दुकानातच दहा वेळा स्लाइड ओढून बघा. मनगट सैल सोडलं तर रिकामं कवच अडकतं. कंपनीपेक्षा हात बघा: मूठ नीट धरल्यावर पहिल्या बोटाचं पेर चापावर सहज बसलं पाहिजे.

जुनं रिव्हॉल्व्हर घेताना ते उघडून रिकामं असल्याची खात्री करा. बंद करून नळी आणि मूठ धरून वर-खाली हलवा, बिजागरीत खडखड नको. चाप ओढून धरलेला असताना सिलिंडर हलता कामा नये. नळीतून उजेडाकडे बघा, आत अंगठीसारखी सावली दिसली तर नळी फुगलेली आहे, सोडून द्या. ती फुगते कशी, तर जुन्या काडतुसाचा आवाज मंद आला, गोळी नळीतच अडकली आणि माणसाने दुसरी मारली. आवाज मंद वाटला की थांबा, उतरवा, नळी बघा. सरावात टिक झालं आणि गोळी गेली नाही, तर नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबा. चाप ‘मऊ’ करून दिलेलं हत्यार घेऊ नका. स्प्रिंग कापलेली असते, घोड्याचा ठोका हलका पडतो, आणि खडकीच्या काडतुसाची टोपी त्याने फुटत नाही. जुन्या हत्यारात घोड्याला अडवणारा ब्लॉक आहे का हे कारागिराकडून बघून घ्या. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, पाच गोळ्या.

सराव घरी, रिकाम्या हत्याराने, नकली काडतुसं घालून, खोलीत खरं एकही नको. लायसन्सवर एका वेळची आणि वर्षाची काडतुसं लिहिलेली असतात. त्यातली जवळ बाळगलेली आधी मैदानावर संपवा, नवी कमरेला लावा. पिस्तुलात तेच काडतूस रोज भरू-उतरवू नका, गोळी कवचात आत सरकते आणि दाब वाढतो.

कायद्याचं एकच वाक्य: भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ वाचा. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर आत्मसंरक्षणाचा अधिकार नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगतील तेव्हा नळीत तेलाचा हलका हात फिरवून, होल्स्टरशिवाय द्या. पावतीवर नंबर, बोअर आणि हत्याराची अवस्था लिहून घ्या. परत मिळाल्यावर आधी उघडा, नळी पुसा, नकली काडतुसांनी सहा वेळा चाप ओढून बघा, आणि सगळं ठीक असेल तरच भरा.