घशातली उसनवारी

ही लालभडक प्लेट बघताय ना, ह्यात मेंढीचं रक्त घातलंय. काल संध्याकाळी न्यूमोनियाच्या पेशंटच्या बेडक्यातले जंतू ह्यावर पसरले, आज सकाळी ही अशी हिरवट छटा. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस ह्या जंतूची हीच खूण, आणि घशात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचीही हीच, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मधली पांढरी टिकली ऑक्सासिलीनची, म्हणजे पेनिसिलीनच्याच घराण्यातल्या औषधाची. तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ २० मिलिमीटर किंवा जास्त भरलं की पेनिसिलीन चालणार. पट्टी बघा... १२. म्हणजे आता पुढची टेस्ट लावायची.

"गोळ्या खाऊन अंगाला सवय लागली" असं सगळे म्हणतात, पण सवय अंगाला नाही, जंतूंना लागते, आणि न्यूमोकोकस तर ती चक्क शेजाऱ्याकडून उसनी आणतो. १९२८ मध्ये लंडनला ग्रिफिथ ह्या शास्त्रज्ञांनी उंदरांना मेलेले घातक न्यूमोकोकस आणि जिवंत निरुपद्रवी न्यूमोकोकस एकत्र टोचले, उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात घातक जंतू जिवंत सापडले! मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. तो गुण डीएनएतून जातो हे १९४४ ला न्यूयॉर्कमध्ये एव्हरी आणि मंडळींनी दाखवलं.

आता हे अ‍ॅनिमेशन. न्यूमोकोकस एकमेकांना रासायनिक इशारा देतात, इशारा न पाळणाऱ्या शेजाऱ्याला फोडतात आणि बाहेर सांडलेला डीएनए आत ओढतात. शेजारी म्हणजे मायटिस, ओरालिस, तेच मघाचे भाऊबंद. पेनिसिलीन जिथे जाऊन चिकटतं त्या प्रोटीनच्या जीनला ह्यांची ठिगळं लागत लागत गोधडी होते, आणि मग पेनिसिलीनला तिथे नीट धरताच येत नाही.

हे मेडिकलचं काउंटर, संध्याकाळचे सात. सर्दी व्हायरसची, गोळी मात्र अ‍ॅझिथ्रो हे अँटिबायोटिक, तीही चिठ्ठीशिवाय. न्यूमोकोकस त्या दिवशी घशात नसेलही, पण भाऊबंद असतातच, त्यांच्यातले चिवट तेवढे उरतात आणि उसनं द्यायला तयार बसतात. राग येतो हो हे शूट करताना.

आइसलँडला काही आम्ही गेलो नाही, नकाशावरच बघा. १९८८ पर्यंत तिथे पेनिसिलीनला न जुमानणारा न्यूमोकोकस जवळपास नव्हता, १९९३ ला न्यूमोकोकसच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत पेनिसिलीन नीट चालेना, मग लोकांनी अँटिबायोटिक्स कमी केली आणि आकडा खाली यायला लागला.

इकडे वॉर्डात औषध बदलावं लागतं, मुक्काम वाढतो, बिलही.

आणि हे आपलं आरोग्य केंद्र. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, जंतू घशात बसलाच नाही तर उसनवारी करणार कोण! हे बाळ दीड महिन्याचं, आज पहिला डोस, दुसरा साडेतीन महिन्यांना, बूस्टर नऊ महिन्यांना.