दोन फुटी टँकला फिल्टर कुठला?

[दृश्य: टँकच्या मागे लटकवलेला स्किमर, त्याचा कप अगदी जवळून.]

हा स्किमर, बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र. कपात हे जे तपकिरी दिसतंय ना, कटिंग चहासारखं, ती दोन मासे आणि एका कोळंबीची चार दिवसांची कमाई आहे. झाकण काढतो, थांबा. सुके बोंबील आणि तुंबलेलं बेसिन एकत्र केलं तर जो वास येईल ना, तोच. आईने सांगूनच ठेवलंय, हे उद्योग गॅलरीत.

[दृश्य: पूर्ण टँक, दोन क्लाऊनफिश.]

डोंबिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, टीव्हीच्या शेजारी हा खाऱ्या पाण्याचा, समुद्री माशांचा दोन फुटी टँक. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे हिशोबाने ५६ लिटर, पण दगड वाळू टाकून आणि वरची दोन बोटं मोकळी सोडून खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो फिल्टर कुठला लावलास, मी दगडांकडे बोट दाखवतो आणि त्यांना वाटतं हा मस्करी करतोय.

मासा खातो, मग कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा इथे कितीतरी जास्त विषारी ठरतो. तो खाणारे बॅक्टेरिया असतात, एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. गंमत म्हणजे ही मंडळी पाण्यात फारशी तरंगत नाहीत, चिकटून बसतात, दगडाला, वाळूला, स्पंजला. मिळेल तिथे भाडेकरू. त्यांना बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस टँकमध्ये मासा टाकायचा नाही, थोडा अमोनिया घालायचा आणि पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन बसायचं. इथेच निम्म्या लोकांचा धीर सुटतो. मासे आणतात, मासे मरतात, आणि शिव्या खातो फिल्टर.

१९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग या माणसाने हेच मांडलं होतं, वेगळा फिल्टर नकोच, समुद्रातले जिवंत दगड टाका आणि हवेचे बुडबुडे सोडा, बास. लाइव्ह रॉक म्हणतात ते हेच.

पण आपल्याकडे हा रस्ता बंद आहे, आणि बंद आहे तेच बरं. लाइव्ह रॉक म्हणजे मुळात प्रवाळाचा सांगाडा, आणि रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. दुकानदार काहीही सांगो, समुद्रातून उचललेला तुकडा घ्यायचा नाही. माझे हे दगड माणसाने बनवलेले, सिरॅमिकचे, आणले तेव्हा पांढरेफटक होते, बाथरूमच्या टाइलसारखे. आता बघा, जांभळट, हिरवट, कुठेकुठे केसाळ शेवाळ. वर्ष लागलं.

[दृश्य: गॅलरीतल्या खोक्यात पडलेला कॅनिस्टर फिल्टर.]

हा कॅनिस्टर, माझी पहिली खरेदी. बंद डबा, आत स्पंज आणि बॅक्टेरियांना बसायला सिरॅमिक रिंगा, प्लास्टिकचे बायोबॉल, टँकखालच्या कपाटात ठेवला की आवाज नाही काही नाही. चांगलीच वस्तू आहे, पण उघडायचा कंटाळा येतो, मग आत माशांची घाण अन्नाचे कण साचतात, सडतात, नायट्रेट वाढत जातं, आणि आपण म्हणतो पाणी तर काचेसारखं आहे. त्यात पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, ती पहाटेच आली. बंद डब्यातला ऑक्सिजन बॅक्टेरियांनी संपवलेला, आत सगळं कुजलेलं, लाइट आल्यावर पंप आपोआप चालू झाला आणि ते काळं पाणी थेट टँकमध्ये. सकाळी माझा गोबी मासा वाळूवर आडवा. तेव्हापासून हा खोक्यात. आता लाइट गेली की बॅटरीवरचा एअरपंप लावतो.

संप. एसटीचा नाही, टँकखाली ठेवलेली दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली, तिथे स्किमर हीटर सगळं लपवायचं, आणि पंपाने परत वर. जागा असेल तर यासारखं काही नाही, एकूण पाणी वाढतं आणि जास्त पाणी म्हणजे चूक पचवायची ताकद जास्त. पण टँकला भोक पाडा नाहीतर काठावरून पाणी खाली उतरवणारा ओव्हरफ्लो बॉक्स लावा, शिवाय लाइट गेली की जे पाणी खाली उतरेल ते संपमध्ये मावलं पाहिजे, नाहीतर ते खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. भाड्याच्या घरात मी ही हिंमत केली नाही.

मग उरतो हा, हँग-ऑन. मागच्या काचेला लटकतो, पाणी ओढतो, वरून धबधब्यासारखं सोडतो. सर्वात स्वस्त, दिसायला बावळट, पण छोट्या टँकला मी हाच सांगेन. वर उघडा असतो म्हणून हवा मिळते, आणि पुढ्यातच असतो म्हणून साफ होतो. सोबत आलेलं कार्ट्रिज मी फेकलं, त्या जागी फिल्टर कॉटन, त्यामागे छोटी पिशवी कार्बनची, उरलेल्या जागेत सिरॅमिक रिंगा. कॉटन दर तीन-चार दिवसांनी बदलायचं, हे मात्र देवपूजेसारखं, चुकवायचं नाही, कारण अडकलेली घाण पाण्याबाहेर निघाली तरच गेली, नुसती कॉटनमध्ये अडकली म्हणजे ती अजून टँकमध्येच आहे.

[दृश्य: स्किमरच्या नळीत वर चढणारा फेस.]

आता परत स्किमर. गुऱ्हाळात रस उकळताना वर मळी येते, ती झाऱ्याने काढून टाकतात, बघितलंय ना? तोच प्रकार, फक्त चुलीऐवजी बुडबुडे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अगदी बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे यंत्र समुद्री टँकलाच जमतं, गोड्या पाण्याच्या टँकला नाही. विष्ठा, उरलेलं अन्न, यातले विरघळलेले पदार्थ बुडबुड्यांना चिकटून वर येतात, म्हणजे त्यांचा अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर. बाकीचे फिल्टर घाण झाल्यावर निस्तरतात, हा आधीच उचलतो.

मग ४५ लिटरला लागतोच का? खरं सांगू, नाही. दोन मासे आणि हात राखून खायला घातलं तर नाही लागत. छोटे स्किमर नखरेलही असतात, आवाज करतात, टँकमध्ये बारीक बुडबुडे सोडतात, मी नुसता हात घातला तरी हाताच्या तेलाने फेस बसतो आणि दोन तास रुसून राहतो. मी लावला तो हवेसाठी, मे महिन्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरचे पैसे नाहीत.

[दृश्य: रविवार सकाळ. बादली, मिठाचा डबा, रिफ्रॅक्टोमीटर.]

नायट्रेट मात्र यातलं कोणीच पुरेसं काढत नाही, ते असं निघतं. दर रविवारी सहा लिटर पाणी बाहेर, सहा लिटर आत. टेस्ट किटवर नायट्रेट ४० असेल तर एका फेरीत ३५ च्या आसपास येतं, एकदम शून्य नाही होत, म्हणून दर रविवारी. आरओचं पाणी, लिटरला ३५-३६ ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्री टँकसाठीचं मीठ, रात्रभर पंपाने ढवळलेलं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. घरच्या प्युरिफायरमध्ये टीडीएस, म्हणजे पाण्यातले क्षार, वाढवायचा स्क्रू असतो तो बंद केलाय, त्यावरून घरात बरंच झालं. आणि हो, चौपाटीचं पाणी का नाही आणत, हेही सगळे विचारतात. मुंबईच्या किनाऱ्याला काय काय सोडतात ते माहीत असेल तर विचारणार नाही, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो.

आई विचारत होती, रोज गोडं पाणी ओततोस मग समुद्र गोड कसा होत नाही? तिला म्हटलं, मिठागर आठव, ऊन पाणी नेतं, मीठ तिथेच राहतं. इथे रोज पाऊण लिटर उडतं, तेवढंच गोडं पाणी परत घालायचं, खारं घातलं तर खारटपणा चढत जाईल. आता मी गावाला गेलो की मार्करच्या रेघेपर्यंत पाणी तीच भरते. कपाला मात्र हात लावत नाही.

[दृश्य: गॅलरीत कप धुतला जातोय. आतून आईचा आवाज: "खिडकी लाव आधी!"]