तिसऱ्या महिन्यातले इंजेक्शन

सोलापूरच्या पूर्व भागातली सकाळ. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि शेजारी कापून ठेवलेली तेंदूची पाने. विडी वळणाऱ्या या बाईला आज मात्र हातातले काम ठेवून दवाखान्यात जायचे आहे, कारण पाळी चुकून दोन महिने झाले आहेत आणि आशाताईंनी नाव नोंदवायला बोलावले आहे.

नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन आणि एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही तपासणी होते. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या या आजाराला जुनी माणसे गरमी म्हणत. बोट टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर वीसएक मिनिटांत प्राथमिक निकाल कळतो. अंगावर चट्टा किंवा फोड नसतानाही जंतू शरीरात असू शकतात आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. उपचार झाले नाहीत तर गर्भपात होण्याचा, मूल मृत जन्मण्याचा किंवा जन्मतःच आजारी असण्याचा धोका असतो. त्यामुळे ‘मला काहीच त्रास नाही’ एवढ्यावर ही तपासणी टाळणे आम्हाला फार महागाचे वाटते.

उपचार आहे, आणि तो साधा आहे: बेंझाथिन पेनिसिलीन. आईबरोबर पोटातल्या बाळालाही बरे करणारे खात्रीचे औषध हेच. कुपीतली पांढरी पावडर पाण्यात मिसळली की दुधासारखी दिसते, म्हणून सुई जाड लागते आणि सिस्टर औषध सावकाश सोडतात. एकूण 24 लाख युनिट, सहसा दोन्ही कुल्ल्यांत निम्मे निम्मे. दुखते, हे बाईला आधीच सांगितलेले बरे. लागण अलीकडची असेल तर एक डोस पुरतो. केव्हाची ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन घ्यावे लागतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी, आणि इंजेक्शननंतरच्या चोवीस तासांत ताप आला किंवा पोटात कळा आल्या, तर लगेच दवाखाना गाठावा. उपचार बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी व्हायला हवेत. तिसऱ्या महिन्यातच झाले तर उत्तमच.

अवघड भाग घरी परतल्यावर सुरू होतो. हा निकाल लागण कोणाकडून झाली किंवा केव्हा झाली हे सांगत नाही, तरीही बोट बाईकडेच दाखवले जाते. प्रत्यक्षात नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर बऱ्या झालेल्या बाईला पुन्हा लागण होऊ शकते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दोघांचीही तपासणी आणि औषधोपचार मोफत होतात. तिथे समुपदेशक आज या बाईला विचारत आहेत, ‘ताई, पुढच्या वेळी त्यांना सोबत आणाल ना?’