बोट मोठी, मॉडेल छोटं, मग हिशोब कसा जमतो

मंडळी, खूप जणांना वाटतं की १६ मीटरची बोट बांधायची तर तिची १ मीटरची कॉपी करा, पाण्यात ओढा, जेवढा जोर लागेल त्याला १६ ने गुणा आणि झालं काम. तसं अजिबात होत नाही, आणि का होत नाही हे एकदा कळलं ना की हा विषय सोडवत नाही.

पहिलं वजन. लांबी १६ पट कमी केली की वजन १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ पट कमी करावं लागतं. मुंबईच्या ससून डॉकला लागते तशी २० टनांची बोट घेतली तर मॉडेल ५ किलोच्या थोडं खाली भरलं पाहिजे. हलकं झालं तर शिसं टाकायचं, पण शिसं कुठे ठेवलं यावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते की खाली बसते ते ठरतं, म्हणून वॉटरलाइन, म्हणजे पाणी जिथवर यायला हवं ती रेघ, आधी पेन्सिलने आखायची आणि दोन्ही टोकांना वाकून बघायची.

मग वेग. इथे विल्यम फ्रूड हा इंग्रज इंजिनिअर येतो. त्याने १८६७ मध्ये इंग्लंडच्या डार्ट नदीत दोन आकारांची मॉडेलं ओढली, स्वान आणि रेव्हन, प्रत्येकाची ३, ६ आणि १२ फुटांची. रेव्हनची टोकं धारदार, स्वानची बोथट. कमी वेगात रेव्हन सरस, पण वेग वाढवला की स्वान पुढे! नुसत्या डोळ्यांनी आकार बघून ठरवणाऱ्यांना हे पटणं कठीणच होतं. फ्रूडने दाखवलेली खरी गोष्ट म्हणजे लांबीच्या वर्गमुळाच्या हिशोबात वेग ठेवला तर लहान-मोठ्या मॉडेलभोवती लाटा सारख्याच उठतात. आपल्या १६ पटीला वेग ४ पट कमी, म्हणजे बोट ८ नॉटने जाणार असेल तर मॉडेल २ नॉटने ओढायचं, सेकंदाला १ मीटरच्या जरा वर.

पण पाणी तर तेच राहतं ना, ते काही मॉडेलसोबत पातळ होत नाही, त्यामुळे हलला, म्हणजे बोटीच्या सांगाड्याला, घासणाऱ्या पाण्याचं घर्षण या नियमात बसत नाही, आपल्या उदाहरणात मॉडेलचा घर्षण गुणांक खऱ्या बोटीच्या जवळपास दुप्पट येतो. फ्रूडने लाटांचा विरोध आणि घर्षण वेगळे केले. सपाट फळ्या ओढून घर्षण मोजलं, ते मॉडेलच्या एकूण विरोधातून वजा केलं, उरलेला लाटांचा भाग ४०९६ ने गुणला आणि मग मोठ्या जहाजाचं घर्षण त्यात घातलं. मला विचाराल तर या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात सुंदर चाल हीच. १८७२ मध्ये टॉर्कीला त्याच्या घराजवळ टँक, म्हणजे मॉडेलं ओढायचा लांब हौद, सुरू झाला, मॉडेलं पॅराफिन मेणाची, कारण मेण तासता येतं आणि वितळवून परत वापरता येतं. ग्रेहाउंड नावाचं नौदलाचं खरं जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून त्याने पडताळाही घेतला. आज आपल्याकडे विशाखापट्टणमला एनएसटीएल या नौदलासाठीच्या प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीचा टँक आहे, पण पद्धतीचा गाभा फ्रूडचाच.

घरच्या घरी करायचं असेल तर आकड्यांच्या मागे लागू नका, दोन आकारांची तुलना करा. एक हलकी दांडी घ्या, मध्यावर दोरी बांधा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी एकेक मॉडेल बांधा, वजन दोघांचं एकच. आता मधली दोरी धरून तरणतलावाच्या कडेने एकसारख्या चालीने चाला, भिंतीपासून मॉडेलं लांब ठेवा, उथळ बाजूला नको. ज्याला विरोध जास्त ते मागे पडतं, दांडी तिरकी होते. नाळेपाशी वाळूची बारीक पट्टी चिकटवा, नाहीतर छोट्या मॉडेलवर पाणी फार गुळगुळीत वाहतं आणि विरोध फसवा कमी दिसतो. दोन फेऱ्यांमध्ये पाणी पूर्ण शांत होऊ द्या, इथे बरेच जण घाई करतात. मग मॉडेलं डावी-उजवीकडे अदलाबदल करून परत ओढा, आणि तरी तेच मागे राहिलं तर फरक हलच्या आकाराचा धरा.