कृमीच्या पोटातला कृमी: नाव कसं ठरतं?

नमस्कार श्रोतेहो.

भूमध्य समुद्रात खडकांच्या फटींत बोनेलिया विरिडिस नावाचा हिरवागार कृमी राहतो. मादीचं अंग जेमतेम वीतभर, पण सोंड ताणली की मीटरभर जाते. १८८२ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ श्पेंगेल यांनी बोनेलियाच्या देहगुहेत, म्हणजे आतडं आणि अंगाची भिंत यांमधल्या पोकळीत, राहणाऱ्या दुसऱ्या कृमीला नाव दिलं, ऑलिगोग्नॅथस बोनेलिई. ऑलिगो म्हणजे थोडे, ग्नॅथस म्हणजे जबडा. बोनेलिई ही षष्ठी, ‘बोनेलियाचा’. म्हणजे प्रजातीचं नाव (पहिला शब्द) जबड्यावरून आणि जातीचं नाव (दुसरा शब्द) पोशिंद्यावरून, म्हणजे ज्याच्या अंगात तो राहतो त्या प्राण्यावरून.

कुल ठरवताना मात्र पोशिंदा कोण, हे बघायचं नसतं. जबडा बघायचा. आपला कृमी ईनोनिडी कुलातला. या कुलात वरच्या जबड्याला मागे लांब, बारीक आधारकांड्या असतात, दोन वरच्या बाजूला आणि एक सुटी खाली. जबडे काढताना तोंडाकडून बारीक छेद घ्यावा आणि ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. घोटाळा होतो तो इथेच. परजीवी जातींत जबडे अनेकदा खुरटलेले असतात, पिल्लात तर अपुरेच, आणि अशा एकाच पिल्लावरून नवी जात जाहीर करणं घातक आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. पोशिंद्याच्या आत दिसला तो प्रत्येक कृमी परजीवी नसतो. आतड्यात असला तर तो गिळलेलं भक्ष्यही असू शकतो, म्हणून कुठल्या पोकळीत होता ते आधी टिपावं. आणि बोनेलियाच्या मादीतच एक ते तीन मिलिमीटरचा चपटा जीव सापडतो, तो तर तिचा नर! कोवालेव्स्की यांनी १८७० मध्ये त्याची ओळख पटवली.

पूर्वी बोनेलियाला एकियुरा या वेगळ्या संघात ठेवत. आता डीएनएच्या पुराव्यानं तो वलयी प्राण्यांतच, म्हणजे गांडुळांच्या संघात, आला, म्हणजे पाहुणा आणि घरमालक एकाच संघातले निघाले. नावात मात्र काहीच बदललं नाही. पुढे पोशिंद्याचं नाव बदललं तरी ‘बोनेलिई’ तसंच राहील.

नमुना जपताना एक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मालिनमध्ये डीएनए खराब होतो. बाकीचं शरीर फॉर्मालिनमध्ये घट्ट करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. पोशिंदा फेकू नका. दोघांच्या बाटल्यांवर एकमेकांचा क्रमांक लिहा, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, पेन्सिलीनं लिहिलेली. साध्या शाईचं अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळून जातं.