छातीत वाजणारं विमान

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या माणसाचा कान तयार झालेला असतो. देवळालीकडे तोफेचा बार झाला, तरी नाशिकरोडला टपरीवर चहा पिणारा माणूस मान वर करत नाही. तोफखान्याच्या शाळेचा सराव चालू आहे, हे त्याला ठाऊक असतं. गांधीनगरहून लष्कराची चेतक, चित्ता हेलिकॉप्टरं उठली, की उपनगरातली आजी गॅलरीत न जाताच सांगते, हेलिकॉप्टर चाललंय. पण ओझरच्या आकाशातून लढाऊ विमानांचा जो आवाज येतो, त्याची सवय होत नाही. निदान मी तरी कुणाला ती झालेली पाहिली नाही. मला तो आवाज मनापासून प्रिय आहे. म्हणूनच त्याची किंमत कोण मोजतं, हेही मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

माझं बालपण निफाड तालुक्यात गेलं. तिथे ओझरच्या विमान कारखान्याला एचएएल असं फारसं कुणी म्हणत नसे. ‘मिगमध्ये आहे’ म्हटलं की पुरायचं. मुलगा बघायला गेलेल्या मंडळींची निम्मी चौकशी तेवढ्यावर आटोपायची. चीनच्या युद्धाच्या वेळी, 1962 साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले आणि 1964 मध्ये ओझरला मिग-21 ही लढाऊ विमानं बांधणारा हा कारखाना सुरू झाला. त्या भिंतींच्या आत काय चालतं, हे आम्हा बाहेरच्यांना कधी दिसलं नाही. आमच्यापर्यंत पोचायचा तो आवाजच. पुढे मिग-27 आलं आणि 2004 पासून इथली सुखोई-30 हवाई दलात जाऊ लागली.

एक प्रसंग सांगते. द्राक्षबागेत विरळणी चालू होती. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचं ते काम, मान वर करून दिवसभर करायचं. माझा एक हात मांडवाच्या तारेवर होता. विमान नजरेला पडलं तेव्हा ते बागेच्या पलीकडे पोचलेलं होतं आणि आवाज त्याच्या मागून आला. कानाआधी तो छातीत लागला. बरगड्या आतून हलल्या. हातातली तार थरथरत होती आणि ती थरथर कोपरापर्यंत चढत होती. पत्र्याच्या शेडमध्ये डब्यांची झाकणं वाजली, गाय दावं ओढून मागे सरली. आमच्यात एक बाळंतीण कामाला यायची. तिचं पोर लिंबाला बांधलेल्या झोळीत झोपलेलं होतं. तिने कात्री तिथेच टाकली, धावत गेली आणि पोराचे दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरले. तिचे स्वतःचे कान उघडेच होते.

एवढा आवाज येतो कुठून? जेट इंजिनाच्या मागून तापलेल्या वायूचा झोत भयंकर वेगाने बाहेर पडतो आणि बाहेरच्या स्थिर हवेत घुसतो. त्या दोन्हींच्या सीमेवर जी घुसळण होते, तिचा हा आवाज. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने 1952 मध्ये दाखवून दिलं, की झोताचा वेग वाढला की आवाजाची शक्ती त्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर आवाजाची शक्ती अडीचशे पटींहून जास्त. प्रवासी विमानाच्या इंजिनाला पुढे भला मोठा पंखा असतो. तो पुष्कळ हवा तुलनेने सावकाश मागे ढकलतो, म्हणून ओझरहून उडणारं प्रवासी विमान आपल्याला सौम्य वाटतं. लढाऊ विमानाला असा सावकाश झोत परवडत नाही. त्यात आफ्टरबर्नर लावला, म्हणजे टर्बाइनच्या मागे नळकांड्यात पुन्हा इंधन फवारून पेटवलं, की झोत आणखी तापतो, आणखी पळतो. सुखोईला अशी दोन इंजिनं आहेत.

आकड्यांत सांगायचं तर आपलं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. 120 च्या पुढे कान दुखायला लागतात. आफ्टरबर्नर लावलेल्या लढाऊ विमानाजवळ हा आकडा 140 पर्यंत जातो. 60 आणि 140 मधला फरक ऐकायला लहान वाटतो, पण दर 10 डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहा पट होते. म्हणजे बोलण्याच्या दहा कोटी पट तीव्रता. बागेत मला छातीत जे लागलं, ते त्यातलं दुरून आलेलं थोडंसं.

दुसरा आवाज याहून वेगळा. दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या श्रोत्यांना तो माहीत असेल. भर दुपारी एकदम धडाम होतं. कधी लागोपाठ दोनदा. तावदानं हलतात, माणसं घराबाहेर येतात, फोन सुरू होतात. भूकंप झाला का, कुठे गॅसची टाकी फुटली का? दिंडोरी, कळवण, पेठ या पट्ट्यात भूकंपाचे हलके धक्के खरोखरच बसतात, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. मग नाशिकच्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेच्या भूकंपमापकावर काही नोंद आहे का, याची विचारणा होते. तिथे काहीच नसलं, की नजर वर आकाशाकडे जाते.

विमान आवाजापेक्षा वेगाने, म्हणजे जमिनीलगतच्या हवेत ताशी साधारण 1235 किलोमीटरच्या पुढे गेलं, की पुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. हवा दाबली जाते आणि दाबाची लाट विमानामागे शंकूच्या आकारात पसरत जाते. अनेकांना वाटतं की वेग ओलांडण्याच्या क्षणी एकदाच हा स्फोट होतो. तसं नाही. विमान त्या वेगात आहे तोवर ही लाट जमिनीवरून सरकत असते. आपल्या गावावरून गेली की आपल्याला धडाम, पुढच्या गावावरून गेली की त्यांना धडाम. दोन दणके येतात ते विमानाच्या नाकाकडच्या आणि शेपटीकडच्या लाटांचे. 20 मे 2020 ला बंगळुरूमध्ये असाच आवाज झाला. टाळेबंदीचे दिवस, माणसं घरात, त्यामुळे शहरभर घबराट. हवाई दलाच्या चाचणी विमानाने 36 ते 40 हजार फुटांवर वेग ध्वनीच्या खाली आणताना तो झाल्याचं नंतर सांगण्यात आलं. असा आवाज 65 ते 80 किलोमीटरवरही ऐकू येऊ शकतो, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. मला इथे ठामपणे म्हणायचं आहे, की हा खुलासा जितका लवकर येईल तितका चांगला. धक्का बसल्यावर म्हाताऱ्या माणसाला तासभर अंगणात बसवून ठेवणं बरं नव्हे.

आवाजाने माणसाला खरोखर आजारी पाडल्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1955 मध्ये तिथे एक्सएफ-84एच नावाचं प्रायोगिक विमान उडालं. त्याच्या पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा वेगाने फिरायची, विमान जमिनीवर उभं असतानासुद्धा. जवळ काम करणाऱ्यांना मळमळायचं, डोकी दुखायची. ते विमान सेवेत आलंच नाही.

आमच्या तालुक्याला तर या आवाजाबरोबर धास्तीही येते. जून 2018 मध्ये एक सुखोई निफाड तालुक्यात कोसळलं, 4 जून 2024 ला शिरसगावच्या शेतात आणखी एक. दोन्ही वेळा वैमानिक बाहेर पडले आणि वाचले, हे आपलं नशीब. तेव्हापासून आवाज घुमला की गावातली माणसं विमान पुढे निघून गेल्याचं दिसेपर्यंत आकाशाकडे बघत राहतात.

आता ज्याच्यासाठी एवढं बोलले, ते. आमच्या शेजारी एक काका राहतात. कुठे नोकरीला होते ते सांगत नाही, पण उमेद होती तोवर इंजिनांच्या जवळ काम केलेलं. त्यांना माणसाचा भारदस्त आवाज ऐकू येतो. कुकरची शिट्टी मात्र येत नाही. नातीचं बोलणं येत नाही, कारण तिचा आवाज बारीक आहे. ती त्यांच्या समोर येऊन, त्यांचा चेहरा हातांनी आपल्याकडे वळवून मग बोलते. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या बारीक सूर टिपणाऱ्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकण्याचं यंत्र आवाज वाढवून देतं, मेलेली पेशी परत देत नाही. ज्यांनी अशा कामात आयुष्य काढलं, त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, घरच्यांनी आग्रहाने करून घ्यावी. ‘बाबा हल्ली लक्षच देत नाहीत’ असं म्हणण्याआधी करून घ्यावी.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ने शेवटचा निरोप घेतला. भारतात बांधलेली ही विमानं सहाशेच्या वर होती आणि ती आमच्या ओझरची होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरमध्येच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए हे लढाऊ विमान उडालं. तेजसला एकच इंजिन. येत्या वर्षांत ती विमानं आपल्या डोक्यावरून जातील, हवाई कसरतींचे कार्यक्रम होतील, आणि पोरं खांद्यावर घेऊन आपण सगळे जाऊ. जरूर जा. मीही जाणार आहे. फक्त लहान मुलांसाठी कान झाकणारे मफ सोबत घ्या. मोठ्यांचे चालत नाहीत. लहान डोक्यावर ते सैल बसतात आणि फटीतून आवाज आत येतो, तेव्हा मुलांच्या मापाचेच घ्या. तुमच्यासाठी मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात. ते बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. हे सगळं विमान दिसायच्या आधी करायचं.

नमस्कार.