एक पाय वर

(दृश्य: विटेचा तुकडा धरलेला हात. शहाबादी फरशीवर ओढली जाणारी लाल रेघ.)

ठिकरीच्या खेळाची घरं आखायला खडू होता. आम्हीच नेला होता, रंगीत, अख्खी डबी. आजींनी तो बाजूला ठेवला आणि कुंडीखालचा विटेचा तुकडा काढला. "खडू पावलाला लागून पुसतो. वीट टिकते."

सदाशिव पेठ. एका इमारतीचं पार्किंग, दुपारचे साडेतीन. दोन गाड्यांच्या मधली ही जागा आजींनी सकाळपासून राखून ठेवली होती. बादली ठेवून.

आखणी नीट बघा. माप फुटपट्टीचं नाही, पावलाचं. खेळणाऱ्यांत जी सगळ्यात लहान, तिचं पाऊल आडवं बसून वर बोटभर जागा उरली पाहिजे. पहिली तीन घरं एकापुढे एक. मग जोडघर. मग एकटं. मग पुन्हा जोडघर. झाली आठ. एकट्या घरात लंगडी, जोडघरात दोन्ही पाय. तेवढाच विसावा.

(दृश्य: पाच-सहा ठिकऱ्या तळहातावर. एकेक उचलून परत टाकली जाते.)

आणि ही ठिकरी. खेळाचं नावही तेच. कोकणात, मुंबईत कुणी बिल्लस म्हणेल, आजींच्या लेखी ती ठिकरीच. फरशीचा तुकडा चालत नाही, घसरतो. जुनं नळीचं कौल चालत नाही, गोलाईमुळे डुगडुगतं. हवं मंगलोरी कौल, त्याचा मधला सपाट भाग. बाझल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने 1865 साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ही कौलं पार पुण्याच्या वाड्यांवर येऊन बसली. ती बनवणाऱ्यांनी पावसाचा विचार केला होता, ठिकरीचा नक्कीच नाही. पण फुटलेल्या मंगलोरी कौलाइतकी गुणी ठिकरी दुसरी नाही. दगडावर घासून कडा मोडायच्या, म्हणजे पायाला लागत नाही आणि टाकली की जागच्या जागी बसते.

पहिला डाव कुणाचा? तेही ठिकरीच ठरवते. एका बाजूला थुंकी लावायची, वर उडवायची. ओली की सुकी? आमच्या समोर हे झालं तेव्हा नातीची आई पटकन म्हणाली, "अहो आई, थुंकी नको." मग नळाचं पाणी लावलं. आजींच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसतंच आहे.

(मूळ आवाज)
"रेघेवर पाय पडला! आऊट."
"नाही पडला, आज्जी!"
"मी इथे बसलेय ना? पडला. रडीचा डाव खेळायचा नाही."

(दृश्य: कृष्णधवल फोटो. परकर-पोलक्यातल्या चार मुली, मागे लाकडी खांब.)

हा फोटो पत्र्याच्या ट्रंकेतला. नारायण पेठेतला वाडा. डावीकडून दुसरी, एक वेणी पुढे आणि एक मागे, त्या आजी. मधला चौक सगळ्या बिऱ्हाडांचा. संध्याकाळी पुरुषमाणसं कचेरीतून येईपर्यंत तो पोरींचा, आणि ही वेळ कुणी मोडत नसे.

चौकातली पायरी डब्याला, म्हणजे डबा ऐसपैसला. ओटा विषामृताला. हौदाजवळची मोकळी जागा दोरीच्या उड्यांना. दोरी तुळशीबागेतली नव्हे. लाकडी मुठींची, रंगवलेली दोरी एखादीकडेच असायची आणि तिचा भाव वाढलेला असायचा. बाकीच्यांना काथ्याचा दोर. कोरडा काथ्या हवेत वाकडा जातो, म्हणून तो भिजवायचा. ओल्या दोराला वजन येतं, कमान गोल पडते. दोघी टोकं फिरवणार, बाकीच्या एकेक करून आत शिरणार. दोर फरशीवर आपटून वर निघाला की शिरायचं. तो खाली येताना जी शिरली तिच्या नडगीवर वळ.

मग ठिकरीचीच एक पुढची इयत्ता. ठिकरी कपाळावर ठेवायची, मान वर, नजर आभाळाकडे, आणि घरं चालत ओलांडायची. प्रत्येक पावलाला विचारायचं, "आमराइट?" बाकीच्यांनी ओरडायचं, "राइट!" हा काय मंत्र आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा कळलं, आजी सांगतात, की आपण इतकी वर्षं इंग्रजीत विचारत होतो.

(दृश्य: मुठेचं पात्र, पुलावरून. मग पुन्हा फोटो, संथ जवळ.)

12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. फोटोतला हा खांब त्या दिवसानंतर नाही. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या. पुराबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. बोलल्या त्या एवढंच.

(मूळ आवाज)
"गाळ सुकायला लागला, तेव्हा आम्ही त्यातच काडीनं घरं आखली. कौलांचा तर खच पडला होता. ठिकऱ्यांना काय तोटा."

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर वसलं, तिथे बिऱ्हाड गेलं. मग लग्न, मग ही पेठ. हाही आधी वाडाच होता, नंतर इमारत झाली आणि चौकाचं पार्किंग.

(दृश्य: शाळेचं मैदान. लंगडी घालणारी मुलगी, धूळ.)

लंगडीचं बरं आहे, तिला निदान शाळेचं मैदान मिळालं. खो-खोचं तर विचारूच नका. त्याचे नियम याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर 1914 साली बांधले गेले, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारताने घेतले. ठिकरीसाठी कुठलीही समिती बसली नाही. मुलींचा खेळ, चौकातला. कोण बसणार?

(दृश्य: पुन्हा पार्किंग. ऊन उतरलेलं.)

पहिल्या दिवशी आजींनी स्वतः दोन घरं लंगडी घालून दाखवली. तेव्हा आमचा कॅमेरा पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी गुडघा धरला, म्हणून त्या खुर्चीवर आहेत.

आता नातीने आठही घरं पार केली आहेत. म्हणजे तिला एक घर घेता येईल. आखणीकडे पाठ करायची, ठिकरी डोक्यावरून मागे टाकायची. जिथे पडेल ते घर तिचं. त्यात ती फूल काढणार, दोन्ही पाय टेकून उभी राहणार, आणि बाकीच्यांना ते उडी मारून ओलांडावं लागणार.

(दृश्य: नात पाठमोरी. ठिकरी हवेत. सातव्या घरात टप्पा, घरंगळत गाडीखाली.)

(मूळ आवाज)
"सातवं! आज्जी, सातवं माझं!"
"थांबली कुठे ते बघायचं असतं."
"मी काढते."
"हात नको घालू, पाल असते तिथे. झाडू आण."